तिला काय विचारता, मला विचारा



येत्या बुधवारी संक्रांत आणि गुरुवारी, १५ जानेवारीला, आपल्या मीरा-भाईंदर महापालिकेचं मतदान. एका दिवशी हातावर तिळगूळ, दुसऱ्या दिवशी बोटाला शाई. सध्या काशीमीरात कुठल्याही गल्लीत जा, रिक्षावर भोंगा वाजतोच आहे. फोन उघडला की सोसायटीच्या ग्रुपवर, भिशीच्या ग्रुपवर, माहेरच्या ग्रुपवर व्हिडिओच व्हिडिओ.

कोणाला मत द्या, हे मी आज सांगणार नाही. आपल्या सामुदायिक रेडिओवर राजकीय प्रचाराला परवानगी नाही, आणि मला तो करायचाही नाही. मला बोलायचं आहे ते आपण मत कसं ठरवतो यावर. टीव्ही, पेपर, फोन यांचा आपल्यावर खरंच किती परिणाम होतो? विद्यापीठांतून यावर ऐंशीहून जास्त वर्षं अभ्यास चालू आहे. पण तो जाडजूड पुस्तकांत राहतो, आपल्या स्वयंपाकघरापर्यंत येत नाही. आज तो थोडा आणून बघू या.

आधी एक प्रसंग सांगते. शिकत असताना मी एका निवडणूक अभ्यासासाठी घरोघरी प्रश्नावली घेऊन फिरले होते. या कामाचा पहिला नियम असा की कोणाला विचारायचं ते आपण ठरवायचं नाही. मतदार यादीतून ठरावीक अंतराने नावं काढलेली असतात. ज्याचं नाव निघालं त्यालाच भेटायचं. ती व्यक्ती घरात नसेल तर पुन्हा जायचं, पण शेजारचीला विचारून काम उरकायचं नाही.

एका घरी यादीत बाईंचं नाव होतं. दार त्यांच्या यजमानांनी उघडलं. मी नाव सांगितलं तर म्हणाले, "तिला काय विचारता, मला विचारा. तिला त्यातलं काय कळतंय?" बाई आत भाकरी करत होत्या. मी म्हटलं, "दादा, नाव त्यांचं निघालंय, मला त्यांच्याशीच बोलावं लागेल." ते बसून राहिले आणि प्रत्येक प्रश्नाचं उत्तर तेच द्यायला लागले. बाई फक्त मान हलवत होत्या.

शेवटी मताचा प्रश्न आला. हा प्रश्न तोंडी विचारत नाहीत. एक नमुना मतपत्रिका देतात, त्यावर पक्षांची चिन्हं असतात, आणि सोबत एक नमुना मतपेटी असते. शिक्का मारायचा, घडी घालायची, पेटीत टाकायची. विचारणाऱ्यालाही दिसत नाही. दिल्लीच्या 'लोकनीती' या संस्थेच्या देशभरच्या अभ्यासांत हीच पद्धत वापरतात. बाईंनी कागद घेतला, सरळ आत गेल्या आणि ओट्यावर ठेवून खूण केली. चार घड्या घालून बाहेर आल्या आणि पेटीत टाकला. यजमान म्हणाले, "दाखव बघू." त्या म्हणाल्या, "ताईंनी कोणाला दाखवायचं नाही म्हणून सांगितलंय." खरं तर मी तसं काही बोलले नव्हते.

त्यांनी कोणत्या चिन्हावर खूण केली, मला आजही माहीत नाही. कदाचित नवऱ्याच्याच पक्षावर केली असेल. पण ती खूण त्यांची होती. आज मला जे सांगायचं आहे ते एवढ्यातच आहे.

आता हा अभ्यास सुरू कसा झाला ते बघू. १९४० साली अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक होती. तेव्हा घरोघरी रेडिओ आला होता, आणि रेडिओवरून माणसाच्या मनात काहीही भरता येतं अशी मोठी भीती होती. पॉल लाझार्सफेल्ड नावाच्या संशोधकाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ओहायो राज्यातल्या एरी काउंटी या भागात सहाशे माणसं निवडली. मे महिन्यापासून नोव्हेंबरपर्यंत दर महिन्याला त्याच माणसांना पुन्हा पुन्हा भेटून विचारलं की आता मत कोणाला, आणि बदललं असेल तर कशामुळे बदललं?

रेडिओ आणि पेपर वाचून मतं धडाधड बदलतील असं त्यांना वाटलं होतं. तसं झालं नाही. बहुतेकांचं मत आधीच ठरलेलं होतं. घर, धर्म, राहण्याची जागा, आर्थिक स्थिती यांवरून ते ठरलं होतं. प्रचाराने बहुतेकांचं मत उलटं फिरवलं नाही, होतं तेच पक्कं केलं. आणि ज्यांच्या मनात चलबिचल होती, त्यांच्यावर रेडिओपेक्षा जास्त परिणाम ओळखीच्या माणसांचा झाला. शेजारी, सहकारी, घरातली माणसं. प्रत्येक वस्तीत काही माणसं पेपर वाचतात, रेडिओ ऐकतात आणि बाकीच्यांना सांगतात. म्हणजे बातमी थेट आपल्याकडे येत नाही, दोन पायऱ्या उतरून येते.

हे ऐकून तुमच्यापैकी काही जणींना गिरणगाव आठवलं असेल. आपल्याकडची कितीतरी घरं लालबाग-परळच्या चाळींतून इकडे आलेली आहेत. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत, १९५६ च्या नोव्हेंबरात, आचार्य अत्र्यांनी 'मराठा' दैनिक सुरू केलं. चाळीत पेपर सगळ्यांच्या घरी येत नसे. एक जण मोठ्याने वाचायचा आणि दहा जण ऐकायचे. वाचणारा कुठे थांबतो, कुठे आवाज चढवतो, कशावर हसतो, यावर ऐकणाऱ्याचं मत ठरायचं. आज त्या वाचणाऱ्याच्या जागी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पहिला मेसेज टाकणारा आहे. यंत्र बदललं, पायऱ्या त्याच राहिल्या.

त्या एरी काउंटीच्या अभ्यासातली एक छोटी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. एका फेरीत ४५ बायकांनी सांगितलं की आम्ही निवडणुकीबद्दल नवऱ्याशी बोललो. मग तितक्याच पुरुषांची उत्तरं तपासली. बायकोशी बोललो असं सांगणारे निघाले फक्त ४.

आता बोलणं तर एकाच घरात झालं असणार. जेवताना झालं असेल, रात्री झालं असेल. मग बायकांच्या हिशेबात ते आलं आणि पुरुषांच्या हिशेबात का नाही आलं? कारण बायकांना वाटत होतं की आपण चर्चा केली, आणि पुरुषांना वाटत होतं की आपण सांगितलं. तिचं बोलणं त्यांच्या लेखी चर्चेत मोजलंच गेलं नाही.

ही गोष्ट १९४० ची आहे आणि अमेरिकेतली आहे. पण मैत्रिणींनो, आपल्या घरात आज कोणी येऊन विचारलं, तर आकडे फार वेगळे येतील असं तुम्हाला वाटतं का?

आपल्या महाराष्ट्रातही हा अभ्यास जुना आहे. पुणे विद्यापीठातले राज्यशास्त्राचे प्राध्यापक डॉ. व. म. सिरसीकर यांनी १९६२ च्या निवडणुकीत पुण्याच्या मतदारांचा अभ्यास करून पुस्तक लिहिलं. १९६७ च्या निवडणुकीवर दुसरं पुस्तक लिहिलं, त्याच्या इंग्रजी नावाचा अर्थ होतो 'मुकुट नसलेले राजे'. मुकुट नसलेले राजे म्हणजे आपण, मतदार. पुढे त्याच विभागातले सुहास पळशीकर आणि राजेश्वरी देशपांडे यांनी 'लोकनीती'बरोबर हे काम चालवलं. राजेश्वरीताईंनी बायकांच्या मतदानावर बरंच लिहिलं आहे. त्यातला मुख्य मुद्दा असा की सगळ्या बायका मिळून एक गठ्ठा नसतात. गरीब बाई आणि श्रीमंत बाई, गावातली आणि शहरातली, या जातीची आणि त्या जातीची, यांची मतं वेगवेगळी पडतात, जशी पुरुषांची पडतात तशीच.

पण पेपरचे मथळे काय म्हणतात? २०२४ ची विधानसभा निवडणूक आठवा. त्या वर्षी 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजना आली, महिन्याला दीड हजार रुपये. २० नोव्हेंबरला मतदान झालं. निकाल लागताच सगळीकडे एकच वाक्य, "लाडक्या बहिणींनी सरकार आणलं." काही जण कौतुकाने म्हणत होते, काही जण रागाने. रागावणारे म्हणत, बायका पैशाला भुलल्या.

जरा आकडे बघू. २०१९ च्या विधानसभेला शंभर बायकांमागे साधारण ५९ जणींनी मत दिलं होतं, २०२४ ला ६५ जणींनी. वाढ मोठी आहे. पण पुरुषांचं मतदानही साधारण ६३ वरून ६७ पर्यंत गेलं. म्हणजे बायका जास्त संख्येने बाहेर पडल्या हे खरं, पण एकट्या बायकाच बाहेर पडल्या हे खरं नाही. आणि त्यांनी मत कोणाला दिलं हे या आकड्यांवरून कळतच नाही. मतदान यंत्रात बाईचं मत वेगळं आणि पुरुषाचं वेगळं नोंदलं जात नाही. ते जाणून घ्यायचं तर दारोदार जाऊन, मघाशी सांगितलं तसं, नीट विचारावं लागतं.

दीड हजारांचा परिणाम झालाच नसेल असं मी म्हणत नाही. झाला असेल, कोणावर जास्त, कोणावर कमी. माझं म्हणणं वेगळं आहे. करात सूट मिळाली म्हणून एखाद्या नोकरदार पुरुषाने मत दिलं, तर आपण म्हणतो त्याने हिशेब केला. बाईने गॅसचा आणि मुलाच्या फीचा हिशेब करून मत दिलं, तर ती भुलली. हिशेब दोघांनी केला. मग एकाला हुशार म्हणायचं आणि दुसरीला भोळी, हे कुठलं शास्त्र?

शास्त्राचं निघालंच आहे तर हेही सांगते. सध्या फोनवर एक प्रकार फार येतो. कोणीतरी माईक घेऊन काशीमीरा नाक्यावर उभं राहतं, दहा जणांना विचारतं आणि सांगतं की शहराचा मूड असा आहे. शितावरून भाताची परीक्षा होते, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. पण वरवरचं एकच शीत आपण दाबून बघतो का? खालचा भात लागलेला असतो आणि वरचा कच्चा. आपण पळी घालून ढवळतो आणि मग बघतो. नाक्यावर दुपारी अकरा वाजता कोण भेटतं? रिक्षावाले, पानवाल्याकडे उभे असलेले, बसची वाट बघणारे. आपण तेव्हा कुठे असतो? कोणी कंपनीत, कोणी चार घरची धुणीभांडी करत, कोणी नळाला पाणी येण्याची वाट बघत. त्या माईकपर्यंत आपण पोचतच नाही. म्हणून असा व्हिडिओ आला तर एवढंच विचारायचं, यात बायका किती दिसतात?

पेपरात छापून आलं म्हणजे खरं, असंही नाही. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत आपल्या राज्यात एक प्रकार घडला. पत्रकार पी. साईनाथ यांनी दाखवून दिलं की एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या मराठी दैनिकांत एका बड्या नेत्याची स्तुती करणारे लेख छापून आले होते, आणि त्यांतला मजकूर शब्दशः एकच होता. जाहिरात आहे असं कुठेही लिहिलं नव्हतं. यालाच पुढे 'पेड न्यूज' म्हणू लागले. भारतीय वृत्तपत्र परिषदेला चौकशीसाठी समिती नेमावी लागली. जाहिरात म्हणून वाचलं तर आपण सावध असतो. बातमी म्हणून वाचलं की सावध नसतो. तेवढ्यासाठीच तर पैसे मोजले जातात.

आता आपल्या शहराकडे येऊ. प्रसारमाध्यमं मत बदलत नाहीत, तर मग ती काहीच करत नाहीत का? तसं नाही. १९६८ साली अमेरिकेतल्या चॅपेल हिल गावात मॅक्सवेल मॅकॉम्ब्स आणि डोनाल्ड शॉ या दोघांनी शंभर मतदारांना एक साधा प्रश्न विचारला. तुम्हाला सगळ्यात महत्त्वाचे प्रश्न कोणते वाटतात? दुसरीकडे पेपर आणि टीव्हीने कशाला किती जागा दिली ते मोजलं. दोन्ही याद्या जवळजवळ जुळल्या. म्हणजे काय विचार करायचा हे बातम्या आपल्याला शिकवत नसतील, पण कशाचा विचार करायचा हे त्या ठरवतात.

गेला जुलै आठवा. मीरा रोडच्या एका दुकानदाराला मराठीच्या मुद्द्यावरून मारहाण झाल्याचा व्हिडिओ पसरला. ३ जुलैला व्यापाऱ्यांनी बंद पाळला. ८ जुलैला मराठी माणसांचा मोर्चा निघाला. देशभरच्या वाहिन्यांच्या गाड्या इथे उभ्या राहिल्या. मारहाण वाईटच, आणि मराठीचा प्रश्नही खोटा नाही. मी मराठीतच बोलते आहे, मला तो कळतो. पण त्या दिवसांत आपल्या जिन्यात, बाजारात, लोकलमध्ये दुसरं काही बोलणं झालं का? पाणी बाहेरून, स्टेम आणि एमआयडीसीकडून येतं, आपल्या शहराचं स्वतःचं धरण नाही, आणि कित्येक वस्त्यांत ते अवेळी येतं. हा प्रश्न त्या महिन्यात सुटला नव्हता. घोडबंदर रस्त्याची कोंडी, डोंगराकडच्या पाड्यांवरचे रस्ते, पुनर्वसनाच्या घरांची वाट बघणारी कुटुंबं, सगळं तिथेच होतं. फक्त आपल्या बोलण्यातून गेलं होतं. एका व्हिडिओने आपली यादी बदलली.

आणि गुरुवारचं मतदान त्याच यादीसाठी आहे. नळ, गटार, कचरा, दिवाबत्ती, दवाखाना, शाळा. महापालिकेची मागची निवडणूक २०१७ च्या ऑगस्टमध्ये झाली, म्हणजे आठ वर्षांहून जास्त काळ गेला. ९५ नगरसेवक निवडायचे आहेत, त्यांतल्या निम्म्या जागा बायकांसाठी राखीव आहेत. बहुतेक प्रभागांत चार जागा आहेत, म्हणजे प्रत्येकीला चार मतं. पाणी किती वाजता येतं, किती हंडे भरतात, घंटागाडी कुठल्या दिवशी चुकते, हे त्या नाक्यावरच्या माईकवाल्यापेक्षा तुम्हाला जास्त माहीत आहे. या निवडणुकीतल्या जाणकार तुम्ही आहात.

तरी आपल्याला म्हणतात, तिला काय विचारता. ही सवय फार जुनी आहे. स्वतंत्र भारताच्या पहिल्या निवडणुकीत, १९५१-५२ साली, मतदार यादी करताना अनेक बायकांनी आपलं नाव सांगितलंच नाही. अमक्याची बायको, तमक्याची आई, एवढंच सांगितलं. निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी ठरवलं की अशी नोंद चालणार नाही, स्वतःचं नाव पाहिजे. शेवटी सुमारे २८ लाख बायकांची नावं यादीबाहेर राहिली. त्यांतल्या बहुतेक उत्तरेकडच्या राज्यांतल्या होत्या. आज आपलं नाव यादीत आहे. पण नाव आपलं आणि मत दुसऱ्याचं असेल, तर आपण त्या २८ लाख जणींच्या किती पुढे आलो?

मग करायचं काय? नवऱ्याशी भांडायचं नाही, मुद्दाम उलटं मत द्यायचं असंही नाही. घरात सगळ्यांचं मत एक असू शकतं, त्यात काही वाईट नाही. फक्त ते ठरताना आपलं बोलणं मोजलं गेलं पाहिजे.

एखादा मेसेज आला की त्यावर दुहेरी बाणाची खूण आहे का बघा. असली, तर तो फार हातांतून फिरून आलेला आहे. पाठवणारी आपली जाऊ असेल, नणंद असेल, पण लिहिणारी ती नाही. आपण विश्वास जावेवर ठेवतो आणि तो जातो भलत्याच माणसाच्या खात्यात. तिलाच विचारा, "अगं, तुला हे कुठून आलं?" बहुतेक वेळा उत्तर येतं, "मलाही कोणीतरी पाठवलं." मग तो पुढे पाठवू नका. अफवेने काय होतं ते आपल्या राज्याने पाहिलं आहे. २०१८ च्या १ जुलैला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून, पोटासाठी फिरणाऱ्या पाच निरपराध माणसांना जमावाने ठार मारलं. तेव्हाही लोकांनी ओळखीच्याच माणसांवर विश्वास ठेवला होता.

दुसरं, संक्रांतीचं हळदीकुंकू आहेच. काही ठिकाणी उमेदवारांकडूनही असेल, वाणही मिळेल. हळदीकुंकवाला जा, पण तिथे एक प्रश्न नक्की विचारा. तुमच्या इमारतीचा, तुमच्या चाळीचा, तुमच्या पाड्याचा. चारचौघींसमोर विचारा. संशोधक म्हणतात ना, ओळखीच्या माणसाच्या बोलण्याचा परिणाम सगळ्यात जास्त होतो? मग ते ओळखीचं माणूस आपण का होऊ नये? दर वेळी ऐकणाऱ्या आपणच का?

आणि गुरुवारी जाण्याआधी यादीत नाव बघून ठेवा. लग्नाआधीचं आहे की नंतरचं, मतदान केंद्र कुठलं आहे, तेही बघा. मतदार ओळखपत्र सापडत नसेल तर आधार कार्डासारखं दुसरं मान्य ओळखपत्र घेऊन जा. आत गेल्यावर यंत्रासमोर तुम्ही एकट्या असता. तिथे नवरा नसतो, भाऊ नसतो, भिशीचा ग्रुप नसतो. जितक्या जागा तितक्या वेळा बटण दाबायचं आहे, घाई करू नका. बाहेर आल्यावर कोणी विचारलं, कोणाला दिलंस, तर सांगायचं की नाही हे तुम्ही ठरवा.

आणि नाहीच सांगायचं असेल तर माझं नाव सांगा. म्हणा, रेडिओवरच्या ताईंनी कोणाला दाखवायचं नाही म्हणून सांगितलंय. या वेळी मी ते खरंच सांगितलं आहे.

तिळगूळ घ्या, गोड बोला, आणि गुरुवारी मत द्या. नमस्कार.